विरार उलटे लिहिताना

हे पुस्तक हास्केल भाषेतल्या टेस्टिंगच्या साधनांविषयी आहे. टेस्टिंग म्हणजे ज्याला कोड लिहायला मिळत नाही त्याच्या गळ्यात पडणारे काम, हा समज आपल्याकडे कॉलेजातच रुजतो. तो दाराबाहेर ठेवून आत या. बाकी फारशी पूर्वतयारी लागत नाही.

हास्केलच्या शुद्ध फंक्शनला तेच इनपुट दिले की तेच उत्तर मिळते. आधी काय घडले होते याच्याशी त्याला देणेघेणे नसते. या शिस्तीचा फायदा घेत स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातले कून क्लासन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली क्विकचेक हे साधन मांडले. त्यात एकेक उदाहरण लिहीत बसायचे नाही, नियम लिहायचा. इनपुट क्विकचेक स्वतः तयार करते, एरवी १००, आणि नियम कुठे मोडतो ते शोधते.

आपल्याच वसई-विरार पट्ट्यातले उदाहरण घेऊ. शब्द उलटा करणारे फंक्शन ‘वसई’चे ‘ईसव’ करते. ठीक. ‘विरार’ मात्र कॉम्प्युटरमध्ये व, वेलांटी, र, काना, र अशा पाच खुणांनी साठतो (वेलांटी दिसते आधी, साठते मात्र ‘व’च्या नंतर). त्या उलटवल्या की ‘रारिव’ येते. हवे होते ‘ररावि’. वची वेलांटी रला चिकटली. तरीही ‘दोनदा उलटवले की मूळ शब्द मिळावा’ हा पाठ्यपुस्तकांचा लाडका नियम १०० पैकी १०० वेळा पास होतो. नियमच लेचापेचा असेल तर साधन बिचारे काय करणार? ‘अक्षरे तीच राहावीत, फक्त क्रम बदलावा’ असे लिहून पाहा. वि गायब, रि कुठून आली, हे लगेच पकडले जाते.

चूक सापडली की क्विकचेक ती लहान करत नेते, म्हणजे ‘विरार’ऐवजी नुसते ‘वि’ हाती यावे. पण कापताना व गळून शब्द वेलांटीनेच सुरू झाला, तर मिळालेली चूक खोटी. असा शब्दच नसतो. इनपुट बनवण्याचे नियम एकीकडे आणि लहान करण्याचे दुसरीकडे लिहिल्याने हे होते. हेजहॉग या नंतरच्या साधनाने दोन्ही एकत्र बांधले. मला हा बदल क्विकचेकनंतरचा सर्वांत मोलाचा वाटतो.

अर्नाळा आणि निर्मळ ही याच पट्ट्यातली नावे पुढच्या प्रकरणांत छळतील. रफार कोणत्या अक्षराचा धरायचा? युनिकोडने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे अखंड मानण्याचा नियम आणला. जुन्या लायब्ररी ती अजून तोडतात. यादृच्छिक खुणा जोडून असे शब्द क्वचितच बनतात, म्हणून मराठी शब्द बनवणारा जनरेटर आपल्यालाच लिहावा लागतो.

सुरुवात मात्र त्याहून साध्या कामाने केली आहे. चुकलेले इनपुट छापताना हास्केल ‘वि’ दाखवत नाही. बॅकस्लॅश लावून २३५७ आणि २३६७ हे आकडे दाखवते. आकड्यांवरून कोणती वेलांटी निसटली ते कोण ओळखणार? पहिल्या प्रकरणात मराठी शब्दासाठी वेगळा टाइप करून त्याचे छापणे आपल्या हातात घेतले आहे, म्हणजे स्क्रीनवर ‘वि’ला ‘वि’ असेच वाचता येईल.