पूर ओसरल्यानंतरची वैद्यकीय सेवा

रायगड जिल्ह्याच्या आपत्तींच्या इतिहासात जुलै महिन्याची नोंद वारंवार आढळते. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले. रोहा तालुक्यातील नागोठण्यालाही मोठा तडाखा बसला. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. जुलै २०२१ मध्ये तळिये आणि जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अशा वेळी शहरांतून अनेक डॉक्टर व परिचारिका स्वयंस्फूर्तीने मदतीस धावतात. ही सेवा उपयोगी ठरावी यासाठी काही गोष्टी आधीच जाणून घेणे आवश्यक आहे.

दोन तालुके, दोन प्रकारच्या गरजा

पेण शहर भोगावतीच्या, तर रोहा शहर कुंडलिकेच्या काठी वसले आहे. नदीला पूर आलेला असताना खाडीला भरती आली, की पाण्याचा निचरा मंदावतो. पेणच्या पश्चिमेकडील खारेपाटात पाणी साचून राहते आणि पिण्याच्या पाण्याचा प्रश्न बिकट होतो. याउलट डोंगरउतारावरील ठाकूर व कातकरी वाड्यांचा रस्ताच तुटतो. त्यामुळे शहरातील एखाद्या शाळेत शिबिर भरवले, तर ज्यांना उपचारांची सर्वाधिक निकड असते तेच तेथे पोहोचू शकत नाहीत.

खरी गरज केव्हा?

ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांची सुटका हे प्रशिक्षित पथकांचे काम आहे. स्वयंसेवी वैद्यकीय पथकाची गरज पाणी ओसरल्यावर वाढते. उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून चालताना त्वचेवरील जखमांवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. ताप येतो तो बहुधा एक-दोन आठवड्यांनी, म्हणजे मदतपथके परतल्यानंतर. २००५ च्या पुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली होती. ताप, तीव्र अंगदुखी, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे असलेल्या रुग्णाला केवळ तापाची गोळी देऊन घरी पाठवणे जिवावर बेतू शकते. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लीन दिले जाते. मात्र गर्भवती व आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देत नाहीत.

जुलाब, कावीळ व सर्पदंश यांचे प्रमाणही या काळात वाढण्याची भीती असते. सर्पदंशात जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये. दंश झालेला अवयव स्थिर ठेवून रुग्णास प्रतिविष उपलब्ध असलेल्या केंद्रात तातडीने हलवावे. मधुमेह, रक्तदाब व क्षयरोगाच्या रुग्णांच्या रोजच्या गोळ्या पुरात वाहून गेलेल्या असतात, याचीही आवर्जून चौकशी करावी.

कोणाशी संपर्क साधावा?

जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. पथकाने परस्पर गावात न जाता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे नोंद करावी आणि नेमून दिलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाताखाली काम करावे. गंभीर रुग्णांसाठी पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये, तर अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. आपले अन्न, पिण्याचे पाणी, गमबूट व विजेरी सोबत न्यावी, म्हणजे पूरग्रस्तांवर भार पडत नाही. जुनी, मुदत संपत आलेली औषधे नेऊ नयेत.

विहिरीत क्लोरीन टाकल्यावर अर्ध्या तासाने पाण्यात त्याचा पुरेसा अंश उरला आहे का, हे ओटी चाचणीने तपासता येते. डॉक्टर नसलेला स्वयंसेवकही आरोग्यसेवकाच्या देखरेखीखाली हे काम शिकून करू शकतो.

परतण्यापूर्वी

तपासलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद आरोग्य केंद्राच्या वहीत झाली पाहिजे. एकाच वाडीत चार जणांना ताप आहे, हे त्या नोंदींवरूनच ध्यानात येते. पथक निघताना तापाच्या रुग्णांची यादी गावातील आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविकेच्या हाती द्यावी. शक्य असल्यास सर्वांनी पहिल्याच आठवड्यात न जाता पाळीपाळीने जावे, जेणेकरून तिसऱ्या आठवड्यातही वाडीवर कोणीतरी तपासणीस पोहोचेल.