संपादन

गोंदियात ‘संपादन’ म्हटलं की आधी सातबारा आठवतो. बिरसी विमानतळ, धापेवाडा उपसा सिंचन… इथल्या शेतकऱ्याच्या कानी हा शब्द पडतो तो भूसंपादनातून. मूळ संस्कृत ‘पद्’, म्हणजे जाणं. ‘सम्’ लागून घडवून आणणं, मिळवणं. संपत्ती, संपन्न ही त्याच घरची. म्हणून विद्या संपादन करतात, विश्वासही. जुन्या मराठीत सोंगाचीही ‘संपादणी’ व्हायची. झाडीपट्टीच्या दंडार या लोकनाट्यातल्या नटाला हा अर्थ आवडावा. छापखाना आला आणि मजकूर नीटनेटका करण्याचं कामही या शब्दाकडे आलं. १८३२ च्या ‘दर्पण’ वृत्तपत्राचे बाळशास्त्री जांभेकर आपले आद्य संपादक.

आता मजकूर संपादनासाठी कचेरी लागत नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर गोंदिया जिल्ह्याचं पान उघडावं आणि संपादनाचं बटण दाबावं. चुकलेल्या ओळीतच कर्सर ठेवून जागच्या जागी अक्षर बदलता येतं, संगणकी खुणांशी गाठ न पडता. या सोयीचं नाव ‘दृश्य संपादक’. म्हणजे संपादक आता माणूसच असायला हवा असंही नाही!

बोलताना मात्र पोरं सरळ ‘एडिट कर’ म्हणतात. ‘संपादन’ उरतं बटणावर, अन् भूसंपादनाच्या नोटिशीत.