पनवेलचा सातबारा

पनवेलची ओळख करून देणारा कोणीही पहिलं वाक्य एकच लिहितो : इथली नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातल्या जुन्यात जुन्या नगरपालिकांपैकी. मग बंदर येतं, बाजारपेठ येते. १८७२ सालचा धूतपापेश्वरचा औषधांचा कारखाना येतो. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके येतात. यातलं खोटं काहीच नाही. पण भाताचं शहर म्हणून ज्याचं नाव झालं, त्या शहरात भात कोणी लावलं, गोणी कोणी वाहिल्या आणि नगरपालिका झाल्यावर मैल्याची पाटी कोणाच्या डोक्यावर आली, हे त्या ओळखीत येत नाही. म्हणून ही दुसरी ओळख.

आधी बंदर. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईहून पुण्याला जायचं म्हणजे होडीने पनवेलच्या खाडीत यायचं आणि तिथून बोरघाट चढायचा. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला. बैलाच्या पाठीवरचा माल गाडीत आला. गाडी आली की चाक आलं. पनवेलची गाड्यांची चाकं वर देशावर जात. घाटावरचा माल खाली, मीठ-मासळी वर, असा हा धंदा. तो फार दिवस टिकला नाही. १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे झाली, १८५६ ला ती खोपोलीपर्यंत गेली, १८६३ ला घाट चढून पुण्याला जोडली गेली. पुण्याची वाट पनवेलला बाजूला टाकून निघून गेली. बंदर उतरलं. मग शहराला धरून ठेवलं ते भाताने, मिठाने आणि मासळीने.

हे भात काही आपोआप उगवत नव्हतं. पनवेलची भातजमीन दोन तऱ्हेची. एक डोंगराकडची, माथेरान-कर्नाळ्याच्या पायथ्याची. दुसरी खाडीकडची, खारी. खाडीकडे आधी चिखलाचा बांध घालायचा, भरतीचं पाणी अडवायचं, पावसाने मीठ धुऊन काढायचं, मग कुठे भात. बांधाला एक खांड पडली की खारं पाणी आत, आणि मग दोन-तीन सालं रान नुसतं पांढरं. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला, रात्री-बेरात्री, छातीइतक्या पाण्यात उभं राहून ती खांड बुजवणारा माणूस जमिनीचा मालक असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसायचाच. आगरी कुळ राबायचं, खंड भरायचं. भात सावकाराच्या कोठारात जायचं. आणि पावसाळ्यात त्याच सावकाराकडे खावटीसाठी हात पसरायचा.

डोंगराकडे राब. पाऊस पडण्याआधी टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून रोपाची जागा भाजायची. हा पाला जंगलातून यायचा. कातकरी, ठाकूर यांच्या डोक्यावरून यायचा. १८७८ च्या कायद्याने सरकारने जंगल आपलं म्हणून कुंपण घातलं आणि शेतकऱ्याचा राबच धोक्यात आला. शेजारच्या उरण भागात चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्यामागे ही रोजची नड होती. स्वातंत्र्याचा प्रश्न तिथे कोयता आणि टहाळ होऊन आला.

आणि आमची माणसं? महाराच्या वाट्याला गावकी होती. सांगावा न्या, दवंडी द्या, वसुलाची रक्कम पोचवा, मेलेलं ढोर ओढा. लावणी-कापणीला सगळ्यांच्या आधी बांधावर हजर. आणि बलुतं मागायला खळ्यावर सगळ्यांच्या शेवटी. रास उचलून झाली की खाली राहिलेलं मातेरं आमचं. ते पाखडायचं, माती वेगळी करायची, खडे वेचायचे. शहराचं नाव भातावर झालं आणि भात लावणाऱ्या बाईच्या सुपात मातेरं राहिलं. मग तरणी माणसं बंदराच्याच वाटेने मुंबईला गेली. गोदीत, गिरणीत, रेल्वेत. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याची पाठ गोदीत चालली.

आता पाण्याचं बघू. पनवेल तळ्यांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे ही नावं तिथल्या पोराला तोंडपाठ. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने चालणारी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली. ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात. याच कुलाबा जिल्ह्यात महाडच्या नगरपालिकेनेही तळं कागदावर खुलं केलं होतं. ते खरोखर खुलं करायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन चवदार तळ्यावर जावं लागलं. म्हंजे जुनी नगरपालिका हे काही माणुसकीचं सर्टिफिकेट नव्हे. तिच्या तळ्यावर ओंजळ कोणाची बुडते, ते बघावं लागतं.

महाडची वाट पनवेलवरून जाते. शहराबाहेर पळस्पे फाटा. तिथून एक रस्ता पुण्याला, एक गोव्याकडे. या फाट्याची दोन माणसं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिला दौलतराव नाईक. फडक्यांच्या बंडातला रामोशी पुढारी. मे १८७९ मध्ये त्याच्या टोळीने पळस्प्यावर धाड घातली आणि परतताना तो इंग्रजांच्या गोळीला बळी पडला. शाळेच्या पुस्तकात फडके आहेत, ते असायलाच हवेत. पण फडक्यांच्या मागे उभे राहिलेले रामोशी, कोळी पुस्तकात 'साथीदार' या एका शब्दात संपतात.

दुसरा सोनबा येलवे. आपल्या लोकांत ही हकिकत तोंडोतोंडी चालत आली आहे. कोकणाकडे जाताना बाबासाहेबांना या रस्त्यावर तहान लागली आणि हॉटेलवाल्याने पाणी दिलं नाही. सोनबाला ते लागलं. बाबा याच वाटेने परत येतील, तेव्हा तहानलेले जाऊ नयेत, म्हणून तो रोज मडकं भरून फाट्यावर बसू लागला. उन्हात, पावसात, वर्षानुवर्षे. बाबासाहेब काही पुन्हा तिथे थांबले नाहीत आणि सोनबा वाट बघताबघता गेला. ही गोष्ट सांगताना लोक डोळे पुसतात. पण नुसते डोळे पुसून भागणार नाही. सोनबाचं मडकं ही त्या शहराविरुद्धची साक्ष आहे. पाच तळ्यांच्या गावात एका माणसाला मडकं घेऊन रस्त्यावर बसावं लागलं, हा पनवेलचा इतिहास आहे.

पुढे कायदे आले. १९३३ ते १९३९ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं बिल आणलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. त्या मोर्चात आगरी, कुणबी, महार एका रांगेत होते. हे विसरता कामा नये. विसरावं अशी सोय पुष्कळांची आहे. १९४९ ला खोती गेली. १ एप्रिल १९५७ ला कसेल त्याची जमीन झाली. पण 'कसेल तो' म्हणजे कोण? ज्याचं नाव कुळ म्हणून लागलं तो. रोजाने लावणी करणारी बाई कसत नव्हती काय? ती कसत होती, पण तलाठ्याच्या दप्तरात नव्हती. महार वतन १९५८ च्या कायद्याने गेलं, त्याच्या जमिनी पैसे भरून नव्या शर्तीवर परत मिळायच्या. ज्याच्या घरात भाताचा दाणा नाही, त्याने पैसे कुठून भरायचे?

१९७० ला सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणमधली ९५ गावं नव्या मुंबईसाठी घेतली. शेती, खाजण, मिठागरं सगळं. योग्य भावासाठी शेतकरी उठला. दि. बा. पाटील पुढे होते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणात पोलिसांच्या गोळीने पाच जण पडले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व निघालं. ती लढाई आपलीच होती, तिला सलाम. पण हिशोब सरळ आहे. साडेबारा टक्के कशाचे? गेलेल्या जमिनीचे. ज्याची जमीन शून्य, त्याचे साडेबारा टक्केही शून्य. खांड बुजवणारा, मीठ ओढणारा, राब वाहणारा, मातेरं पाखडणारी, यांचा हक्क जमिनीच्या कागदावर कधी चढलाच नव्हता, तर भरपाई कशाची लावणार? जमीन गेली तेव्हा मालकाचं शेत गेलं आणि यांची मजुरी गेली. शेताला भाव होता. मजुरीला नव्हता.

आता पनवेल महानगरपालिका आहे, २०१६ पासून. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. भाताच्या शेतांवर, खाडीवर, दहा गावं उठवून. जगातली माणसं आता तिथे उतरतील. उतरू देत. कोणी म्हणत नाही की परत चिखलात जा. चिखलाचं कौतुक ज्याने चिखल तुडवला नाही त्याला. आमचं म्हणणं एवढंच की ज्या बांधावर हे सगळं उभं आहे, तो बांध कोणी घातला ते लिहा.

ते बाहेरून कोणी येऊन लिहिणार नाही. तालुक्यात, वाड्यावस्त्यांवर अजून म्हाताऱ्या आहेत, ज्यांनी लावणी केली, मातेरं पाखडलं, डोक्यावर हंडा घेऊन दुसऱ्याच्या विहिरीपाशी ताटकळत उभ्या राहिल्या. त्यांच्याजवळ जाऊन बसा. गावाचं नाव, शेताचं नाव, मजुरी किती, पाणी कुठलं, सगळं विचारा. वहीत उतरवा. तलाठ्याच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलं नाही. आपल्या वहीत तरी लागू दे.