ट्रान्झिस्टर पटकन बंद का होत नाही? बायपोलर स्विचचा वेग वाढवण्याचे उपाय

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आंबोलीत घरच्या मखराला पिक्सेल एलईडीची पट्टी लावत होतो. पट्टी ५ व्होल्टची, कंट्रोलर ईएसपी३२ म्हणजे ३.३ व्होल्टचा. मध्ये व्होल्टेज बदलणारी ७४एचसीटी१२५ चिप हवी होती, ती पुण्यातच राहिली. बाहेर धो धो पाऊस, घाट उतरून सावंतवाडीला जाईपर्यंत दुकानं बंद. डब्यात बीसी५४७ होते. एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर, झाला लेव्हल शिफ्टर! ट्रान्झिस्टर सिग्नल उलटा करतो, म्हणून प्रोग्राममध्येच तो आधी उलटा करून घेतला. पट्टी लावली तर निम्मे दिवे मेलेले आणि उरलेले मनाला येईल तो रंग दाखवतायत.

एखादा रिले किंवा बल्ब चालू-बंद करताना बीसी५४७ कधी त्रास देत नाही. मग इथे काय बिघडलं? उत्तर ट्रान्झिस्टरच्या बंद होण्यात आहे. चालू व्हायला त्याला फारसा वेळ लागत नाही, बंद व्हायला लागतो.

आकडे काय सांगतात

बीसी५४७ च्या डेटाशीटमध्ये स्विचिंगचे आकडे सहसा दिलेलेच नसतात, कारण तो मुळात ऑडिओसारख्या कामांसाठीचा ट्रान्झिस्टर. त्याच्याच जातीच्या २एन३९०४ चे मात्र मिळतात. १० मिलिअँपिअर कलेक्टर करंट आणि १ मिलिअँपिअर बेस करंट असताना डिले ३५, राइज ३५, स्टोरेज २०० आणि फॉल ५० नॅनोसेकंद, हे सगळे जास्तीत जास्त आकडे. म्हणजे चालू व्हायला ७० आणि बंद व्हायला २५०, त्यातले २०० नुसते वाट बघण्यात. बेसचा सिग्नल शून्य झालेला असतो, पण कलेक्टरला त्याचा पत्ताच नसतो.

आणि हे २०० नॅनोसेकंद शिस्तीतल्या चाचणीतले आहेत. त्या चाचणीत बंद करताना बेसमधून उलट दिशेला तितकाच, १ मिलिअँपिअर करंट ओढलेला असतो. आपल्या ब्रेडबोर्डवर असं कोणी ओढत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हा वेळ सहज अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या घरात जातो.

आता पट्टीचा हिशेब बघू. डब्ल्यूएस२८१२ जातीच्या पट्टीत एक बिट साधारण १.२५ मायक्रोसेकंदांचा असतो. त्यात सिग्नल ०.४ मायक्रोसेकंद वर राहिला तर शून्य, ०.८ राहिला तर एक. माझ्या सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर बंद झाला की पट्टीकडे जाणारा सिग्नल वर जायचा. बंद व्हायलाच अर्धा मायक्रोसेकंद उशीर झाला, तर ०.८ चा पल्स ०.३ चा होतो, म्हणजे एकाचा शून्य. ०.४ चा तर गायबच! दोन फ्रेमच्या मधे लाइन खाली असते, म्हणजे ट्रान्झिस्टर बराच वेळ चालू असतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेमच्या पहिल्या बिटाचे हाल सगळ्यात जास्त.

बेसमध्ये साठलेलं पाणी

आंबोलीत पाऊस थांबला तरी कड्यांवरून पाणी कितीतरी वेळ येत राहतं, कारण वरच्या जमिनीत मुरलेलं पाणी निथळायला वेळ लागतो. ट्रान्झिस्टरचंही तसंच. एनपीएन ट्रान्झिस्टरमध्ये एमिटरमधून आलेले इलेक्ट्रॉन बेसमधून पार होऊन कलेक्टरला जातात. कलेक्टर जेवढे ओढू शकतो तेवढेच येत असतील तर ठीक. पण स्विच म्हणून वापरताना आपण बेसला गरजेपेक्षा खूप जास्त करंट देतो. कलेक्टरचं व्होल्टेज खाली येऊन ०.१-०.२ व्होल्टवर टेकतं आणि बेस-कलेक्टर जंक्शनही फॉरवर्ड होतं. यालाच सॅच्युरेशन म्हणतात. आता जास्तीच्या चार्जला जायला जागा नाही, तो बेसमध्ये आणि कलेक्टरच्या भागात साठून राहतो. बंद करायचं म्हणजे आधी हा साठा रिकामा करायचा. तोवर कलेक्टर जागचा हलत नाही.

माझ्या सर्किटमध्ये बेसला १ किलोओहम आणि कलेक्टरला ५ व्होल्टकडे १ किलोओहम होता. कलेक्टर करंट साधारण ५ मिलिअँपिअर. गेन २०० धरला तर बेसला ०.०२५ मिलिअँपिअर पुरतो. मी देत होतो २.६, म्हणजे शंभरपट!

मग बेसचा रेझिस्टर वाढवला की काम झालं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. १० किलोओहम लावला, तर पट्टीचं वागणं जवळपास तसंच. याचं कारण कागदावर मांडल्यावर कळलं. स्टोरेज टाइम एका गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगवर ठरतो: वर चालू करतानाचा बेस करंट अधिक बंद करताना बाहेर ओढला जाणारा करंट, खाली किमान लागणारा बेस करंट अधिक तोच बाहेर जाणारा करंट. १ किलोओहमला बाहेर ओढणारा करंट ०.७ मिलिअँपिअर असतो (बेसवर ०.७ व्होल्ट, पलीकडे शून्य). १० किलोओहमला तो ०.०७ वर येतो. साठा कमी झाला, पण उपसायची बादलीही तेवढीच लहान झाली. हिशेबाने स्टोरेज टाइम फक्त १८ टक्के कमी होतो.

म्हणून भरणं कमी करायचं आणि उपसणं जोरात करायचं, ही दोन वेगळी कामं आहेत. खालचे उपाय यांतलं एक किंवा दोन्ही करतात.

बेस-एमिटरमध्ये रेझिस्टर

सगळ्यात स्वस्त उपाय. बेसला २.२ किलोओहम आणि बेसपासून ग्राउंडला आणखी एक २.२ किलोओहम. ट्रान्झिस्टर बंद करताना चार्जला दोन वाटा मिळतात. वरच्याच हिशेबात स्टोरेज टाइम मूळच्या जवळपास निम्मा होतो. हा रेझिस्टर फार लहान घेऊ नका, नाहीतर बेसला ०.७ व्होल्टच मिळणार नाहीत आणि ट्रान्झिस्टर चालूच होणार नाही.

स्पीड-अप कपॅसिटर

बेस रेझिस्टरला समांतर एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावायचा. ट्रान्झिस्टर चालू असताना त्यावर साधारण २.६ व्होल्ट जमतात. इनपुट ३.३ वरून शून्यावर पडलं की कपॅसिटर बेसला क्षणभर निगेटिव्हकडे खेचतो आणि साठलेला चार्ज एका झटक्यात बाहेर काढतो. चालू होतानाही तोच धक्का उलट दिशेने मिळतो, त्यामुळे दोन्हीकडे फायदा.

किती मोठा घ्यायचा? १०० पिकोफॅरड गुणिले २.६ व्होल्ट म्हणजे २६० पिकोकुलोम. ४.७ किलोओहमच्या बेस रेझिस्टरला साठा साधारण दोनशे पिकोकुलोमच्या आसपास येतो, म्हणजे तेवढा पुरतो. उगाच ०.१ मायक्रोफॅरड लावू नका. रेझिस्टर गुणिले कपॅसिटर हा वेळ पल्सच्या मानाने लहान हवा, नाहीतर पुढचा पल्स येईपर्यंत कपॅसिटर आधीच्या धक्क्यातून सावरत नाही.

एक सावधगिरी. बीसी५४७ चं बेस-एमिटर जंक्शन उलट दिशेने ६ व्होल्टच सहन करतं. ३.३ व्होल्टला प्रश्न नाही, पण इनपुट १२ व्होल्टचं असेल तर कपॅसिटरचा धक्का ती मर्यादा ओलांडतो. अशा वेळी ग्राउंडकडून बेसकडे एक १एन४१४८ उलटा लावून ठेवायचा.

त्या रात्री मखर उजळलं ते याच उपायाने: ४.७ किलोओहम आणि जुन्या रेडिओच्या बोर्डावरून काढलेला १०० पिकोफॅरड.

बेकर क्लॅम्प: साठूच द्यायचं नाही

१९५६ मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत रिचर्ड बेकर यांनी मांडलेली युक्ती. इनपुटकडून कलेक्टरकडे एक डायोड लावायचा. कलेक्टर खाली उतरत एका पातळीला आला की डायोड चालू होतो आणि बेसचा जास्तीचा करंट कलेक्टरमधूनच वाहून जातो. ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनच्या दारात उभा राहतो, आत जात नाही. बेसला किती करंट लागतो हे सर्किट स्वतःच ठरवतं. मला हा सगळ्यात सुंदर उपाय वाटतो.

साध्या सिलिकॉन डायोडने करायचं तर बेसच्या वाटेतही एक डायोड लागतो, म्हणजे पातळ्या जुळतात. पण तो डायोड चार्ज बाहेर काढायची वाटही अडवतो, म्हणून त्याला उलटा समांतर तिसरा डायोड. शॉटकी डायोड असेल तर त्याचा ड्रॉप कमी असल्याने बेस ते कलेक्टर असा एकच पुरतो. मात्र पॉवर सप्लायमधला १एन५८१९ इथे नको. त्याची कपॅसिटन्स शंभरेक पिकोफॅरड असते आणि बेस-कलेक्टरमधली कपॅसिटन्स गेनच्या पटीने मोठी होऊन आडवी येते. बीएटी८५ सारखा छोटा घ्या.

किंमतही मोजावी लागते: कलेक्टर ०.१ व्होल्टऐवजी ०.४ ते ०.७ वर थांबतो. लॉजिकला ते चालतं. पाच अँपिअरच्या स्विचला त्याची उष्णता होते.

कारखान्यातच वेगवान

हीच युक्ती सिलिकॉनच्या आत नेली की शॉटकी ट्रान्झिस्टर होतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जेम्स बिआर्ड यांनी १९६४ मध्ये त्याचं पेटंट दाखल केलं. ७४एस आणि ७४एलएस या आयसींमधला एस तोच. साध्या ७४०० गेटला सुमारे १० नॅनोसेकंद लागायचे, ७४एस ला ३. ७४एलएस ने वेग १० च्या आसपासच ठेवला आणि वीज पाचव्या हिश्शावर आणली.

दुसरा मार्ग सोन्याचा, अगदी शब्दशः. सिलिकॉनमध्ये सोन्याचे अणू मिसळले की साठलेला चार्ज आतल्या आत लवकर विरतो. २एन२३६९ हा असा ट्रान्झिस्टर, स्टोरेज टाइम जास्तीत जास्त १३ नॅनोसेकंद. बदल्यात गेन कमी होतो आणि गळती वाढते. तिसरा मार्ग ईसीएल: आयबीएममध्ये हॅनन यूर्क यांनी १९५६ मध्ये बनवलेली लॉजिकची पद्धत. तिच्यात करंट फक्त एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे वळवला जातो, सॅच्युरेशन येतच नाही. वीज मात्र सतत खाते.

या सगळ्या खटपटीमागे संगणक होते. मुंबईत टीआयएफआरने १९६० मध्ये सुरू केलेला टिफरॅक व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा. १९६४ मध्ये तिथेच आलेला सीडीसी ३६०० सुट्या ट्रान्झिस्टरांचा होता. अशा यंत्रात सिग्नल एकामागून एक अनेक ट्रान्झिस्टरांमधून जातो, तेव्हा प्रत्येकाचा उशीर जमा होत जातो.

उलट, घरातल्या जुन्या सीएफएलमध्ये १३००३ हा ट्रान्झिस्टर असतो आणि त्याचा स्टोरेज टाइम चक्क ४ मायक्रोसेकंदांपर्यंत. जास्त व्होल्टेज सहन करायला कलेक्टरचा भाग जाड ठेवावा लागतो, तिथे चार्जही जास्त साठतो. सीएफएलचं सर्किट स्वतःच्या तालावर दोलन करतं आणि हा उशीर त्या तालात धरलेलाच असतो. म्हणून तिथे दुसरा, 'वेगवान' म्हणून मिळालेला ट्रान्झिस्टर बसवला तर ताल बिघडून तो तापू शकतो.

दोष कोणाचा, हे आधी बघा

ऑसिलोस्कोपवर दोन वेगळे आकार दिसतात. इनपुट बदलल्यावर कलेक्टर काही वेळ सपाट राहून मग चढत असेल तर तो स्टोरेज टाइम. लगेच हलतो पण वाकडी, आळशी चढण घेतो, तर दोष कलेक्टरच्या रेझिस्टरचा. वायर, पट्टी आणि ट्रान्झिस्टर मिळून ७० पिकोफॅरड धरले तर १ किलोओहमला ७० नॅनोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट येतो, १० किलोओहमला ७००. तिथे बेसला कितीही कपॅसिटर लावले तरी फरक पडणार नाही.

आणि पट्टीपुरतं सांगायचं तर ट्रान्झिस्टरही लागत नाही, हे मला विसर्जनानंतर सुचलं. पट्टीला वर म्हणून ओळखायला पुरवठ्याच्या ७० टक्के व्होल्टेज लागतं, ५ व्होल्टला ३.५. पट्टीतला पहिला पिक्सेल कापून त्याचा पुरवठा एका १एन४००७ मधून द्यायचा. त्याला ४.३ व्होल्ट मिळतात, त्याची मर्यादा ३ वर येते आणि ईएसपी३२ चे ३.३ पुरतात. तो पुढच्या पिक्सेलला ४.३ व्होल्टचा सिग्नल देतो, जो ३.५ च्या वर आहे. १एन४००७ त्याच डब्यात पडलेले होते.