शुश्रूषागृहांतील वेदनाशमन व औषधव्यवस्था

वार्धक्य, दीर्घकालीन आजार किंवा अपंगत्व यांमुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तींना निवास, परिचर्या व औषधोपचार पुरविणाऱ्या संस्थेस पाश्चात्त्य देशांत ‘नर्सिंग होम’ म्हणतात. महाराष्ट्रात हे नाव मुख्यत्वे लहान खाजगी रुग्णालयांना लावतात व त्यांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमानुसार होते. येथे मात्र ते पहिल्या अर्थाने घेतले आहे. अशा संस्थांतील औषधव्यवस्थेच्या इतिहासात दोन दोष सातत्याने आढळतात : वेदनेवर अपुरे औषध आणि अस्वस्थतेवर अनावश्यक औषध. हे दोष परस्परविरुद्ध वाटतात. परंतु वेदना सांगू न शकणाऱ्या रुग्णाची तळमळ शामक औषधाने दडपली जाते तेव्हा ते एकाच दुर्लक्षाचे परिणाम असतात. ही गोष्ट स्पष्ट होण्यास विसावे शतक संपावे लागले.

वार्धक्यात वृक्कांची (मूत्रपिंडांची) कार्यक्षमता घटते, त्यामुळे मॉर्फिनाचे चयापचयजन्य पदार्थ शरीरात साचू शकतात. शरीरातील मेदाचे प्रमाण वाढल्याने डायाझेपामासारखी मेदविद्राव्य औषधे अधिक काळ टिकून राहतात. ॲस्पिरीन वर्गातील वेदनाहारी औषधांनी जठरात रक्तस्राव होण्याचा व वृक्कांना इजा पोहोचण्याचा धोका वाढतो, तर अफूजन्य औषधांनी बद्धकोष्ठ, गुंगी व तोल जाऊन पडणे हे प्रकार उद्‌भवतात. अनेक औषधे एकाच वेळी चालू असल्यास त्यांच्या परस्परक्रियांची भर पडते.

औषधांचा अतिरेक : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा अधिनियमाने वृद्धांना साहाय्य देऊ केले, मात्र सार्वजनिक संस्थांत राहणाऱ्यांना ते नाकारले. परिणामी वृद्ध व्यक्ती खाजगी निवासगृहांकडे वळल्या. १९६५ मध्ये मेडिकेअर व मेडिकेड या योजना सुरू झाल्यावर शुश्रूषागृहांना शासकीय निधी मिळू लागला व त्यांचा विस्तार वेगाने झाला. याच सुमारास क्लोरप्रोमाझीन व तत्सम मनोविकारविरोधी औषधे प्रचारात आली होती. अपुऱ्या कर्मचाऱ्यांनिशी चालणाऱ्या संस्थांत निवाशांना शांत ठेवण्याचा सोपा मार्ग म्हणून त्यांचा वापर होऊ लागला. १९७४ मध्ये केंद्रीय नियमांनी कुशल परिचर्या देणाऱ्या शुश्रूषागृहांत प्रत्येक निवाशाच्या औषधयोजनेची दरमहा औषधतज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक केली. सिनेटर फ्रँक मॉस (१९११–२००३) यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने १९७५ मध्ये शुश्रूषागृहांतील औषधांचा गैरवापर, त्यांच्या वाढीव किंमती व औषधविक्रीतील दलाली यांविषयी स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला.

१९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा अधिनियमाने वैद्यकीय गरजेवाचून औषधांनी जखडून न ठेवले जाण्याचा हक्क निवाशांना दिला. शिस्तीसाठी वा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी दिलेल्या अशा औषधास ‘रासायनिक बंधन’ म्हणतात. १९९१ मध्ये मार्क बिअर्स (१९५४–२००९) व त्यांचे सहकारी यांनी शुश्रूषागृहांतील वृद्धांना सामान्यतः देऊ नयेत अशा औषधांची सूची तयार केली. हे ‘बिअर्स निकष’ पुढे सर्वच वृद्ध रुग्णांना लागू करण्यात आले. २०२३ मध्येही त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या व २००८ मध्ये जुन्या औषधांबाबत दिला.

वेदनेची उपेक्षा : मॉर्फीन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधतज्ज्ञ फ्रीड्रिख झेर्ट्यूर्नर (१७८३–१८४१) यांनी अफूपासून वेगळे केले. तथापि व्यसनाच्या भीतीने ते रुग्ण वेदनेने हैराण झाल्यावरच द्यावे, असा प्रघात पडला. लंडनमधील सेंट जोसेफ्स हॉस्पिस येथे १९५८ पासून काम करताना सिसिली साँडर्स (१९१८–२००५) यांनी वेदना परतण्यापूर्वीच, ठराविक अंतराने, तोंडावाटे औषध देण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला; १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगातील वेदनेसाठी तीन पायऱ्यांची उपचारपद्धती प्रसृत केली : प्रथम साधी वेदनाहारी औषधे, मग सौम्य व अखेरीस तीव्र अफूजन्य औषधे.

ही पद्धती शुश्रूषागृहांपर्यंत पुरेशी पोहोचली नाही. अमेरिकेतील पाच राज्यांतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ६५ वर्षांवरील १३,६२५ कर्करोगग्रस्तांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४,००३ जणांना दररोज वेदना होत असल्याचे दिसले. त्यांपैकी २६ टक्के जणांना कोणतेही वेदनाहारी औषध मिळत नव्हते. ८५ वर्षांवरील रुग्णांत ही उपेक्षा अधिक होती.

वेदनेचे मापन : स्वतःची वेदना शब्दांत सांगू न शकणाऱ्या रुग्णांसाठी निरीक्षणावर आधारलेली मापनसाधने तयार झाली. २००३ मध्ये अमेरिकेत विकसित झालेल्या एका मापश्रेणीत श्वसन, कण्हणे-ओरडणे, चेहऱ्यावरील भाव, देहाच्या हालचाली व धीर दिल्यावर होणारा परिणाम या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. पश्चिम नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांतील स्मृतिभ्रंश झालेल्या ३५२ निवाशांवर आठ आठवडे झालेला प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. टप्प्याटप्प्याने वेदनाशमन केलेल्या गटात चिडचिड व अस्वस्थता लक्षणीय प्रमाणात घटली. यांतील बहुतेकांना केवळ पॅरासिटॅमॉल द्यावे लागले. ज्याला वर्तनविकार समजून शामक औषध दिले जात होते, त्याच्या मुळाशी अनेकदा वेदनाच असते, या मतास त्यामुळे आधार मिळाला.

औषध योग्य असले, तरी ते चुकीच्या वेळी, चुकीच्या मात्रेत वा चुकीच्या व्यक्तीस दिले जाऊ शकते. इंग्लंडमधील ५५ निवासगृहांतील २५६ निवाशांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रत्येकास सरासरी आठ औषधे चालू होती व ६९·५ टक्के निवाशांच्या बाबतीत किमान एक चूक आढळली. चुका औषध लिहून देणे, पुरविणे, देणे व त्याच्या परिणामांवर लक्ष ठेवणे या सर्वच टप्प्यांवर होत्या. औषधयोजनेची एकंदर जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी, हा त्यावरील एक उपाय होय.

भारत : भारतात परवान्याने अफूचे पीक घेतले जाते, तरीही १९८५ च्या अंमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमातील कडक शिक्षा व अनेक परवाने यांमुळे मॉर्फिनाचा वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. १९८६ मध्ये मुंबईत शांती आवेदना सदन व १९९३ मध्ये कोझिकोडे येथे वेदना व उपशामक परिचर्या संस्था स्थापन झाली. २०१४ च्या दुरुस्तीने आवश्यक अंमली औषधांसाठी देशभर समान नियम करण्याचा मार्ग मोकळा झाला. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम (२००७) यात निराधार वृद्धांसाठी जिल्हावार वृद्धाश्रमांची तरतूद आहे. तेथील निवाशांच्या औषधयोजनेच्या नियतकालिक तपासणीची स्वतंत्र तरतूद मात्र मूळ अधिनियमात नाही. त्यामुळे वेदनेची नोंद ठेवणे, औषधांचा आढावा घेणे व अनावश्यक औषधे बंद करणे ही कामे प्रत्येक संस्थेच्या व तिला भेट देणाऱ्या वैद्याच्या दक्षतेवर अवलंबून राहतात.