इसापाची गोष्ट व तिचें ‘तात्पर्य’

सोलापूर, पंढरपूर, बार्शी ह्या टापूंत पोथ्या धुंडाळणाऱ्या संग्राहकांचा एक पक्षपात सर्वांच्या परिचयाचा आहे. हस्तलिखिताचें फाटकें पानहि रुमालांत बांधून ठेवावयाचें आणि छापील शालेय पुस्तक, मग तें कितीहि जुनें असो, रद्दींत जाऊं द्यावयाचें. प्रस्तुत लेखकहि ह्या दोषापासून मुक्त नाहीं. परंतु शील, मैत्री व वक्तृत्व ह्यांविषयींचा ग्रीकांचा विचार मराठींत कोणत्या वाटेनें आला हें पाहूं गेल्यास ती वाट पोथ्यांतून न जातां नेमकी ह्या टाकाऊ ठरविलेल्या पुस्तकांतून गेलेली दिसते.

तंजावरच्या सरफोजी राजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) छापखान्यांतून इसापाच्या गोष्टींचें मराठी रूप ‘बालबोधमुक्तावली’ ह्या नांवानें एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभींच बाहेर पडलें. मुंबईस सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे ह्यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ सालीं निघाली. सॉक्रेटिसाचें चरित्र कृष्णशास्त्री चिपळूणकर ह्यांनीं मराठींत आणिलें तें १८५२ सालीं. म्हणजे कथाकार आधीं आला, तत्त्वज्ञ मागाहून. आपल्याकडे एकाची रवानगी बालवर्गांत झाली व दुसऱ्याची विद्वानांच्या पंक्तींत. मूळच्या देशीं मात्र त्यांचा असा वियोग झालेला नव्हता.

प्लेटोच्या ‘फीडो’ संवादांत ह्याची साक्ष आहे. इ. स. पूर्वीं ३९९ मध्यें देहान्ताची शिक्षा झालेला सॉक्रेटीस बंदिवासांतील शेवटचे दिवस इसापाच्या गोष्टींस पद्यरूप देण्यांत घालवीत होता. पायांतील बेडी निघाल्यावर दुखरा पाय चोळीत तो म्हणतो कीं, सुख व दुःख हीं एकाच मस्तकास जोडलेलीं असावींत तशीं पाठोपाठ येतात. हें इसापाच्या ध्यानांत आलें असतें तर त्यानें ह्यावर एक गोष्ट रचिली असती.

ह्याहून बोलका प्रसंग झेनोफनानें लिहिलेल्या सॉक्रेटिसाच्या आठवणींत आहे, आणि मागांच्या खडखडाटांत वाढलेल्या सोलापूरकरांस तो परका वाटूं नये. अथेन्समधील यादवीनंतर आरिस्टार्कस नांवाच्या गृहस्थाकडे बहिणी, भाच्या, चुलतबहिणी अशा आप्त स्त्रिया आश्रयास आल्या. दास वगळून घरांत १४ माणसें. शेतीचें उत्पन्न बुडालेलें, उसने पैसे कोठें मिळेनात. कुलीन स्त्रियांनीं मजुरी कशी करावी, हा त्याचा प्रश्न. सॉक्रेटिसानें त्यास समजाविलें कीं, ह्यांस सूत कातणें व विणणें येतें, तें कामीं लाव. रिकामपणानें तुम्हां सर्वांचा परस्परांविषयींचा स्नेह आटत आहे. कर्ज काढून लोकर आणिली, काम सुरू झालें आणि घरांतील चेहरे उजळले. पुढें त्याच स्त्रिया थट्टेनें म्हणूं लागल्या कीं, ह्या घरांत बसून खाणारा एकटा धनीच! तेव्हां सॉक्रेटिसानें त्यास मेंढ्यांची व कुत्र्याची गोष्ट सांगितली. आम्ही लोकर, कोंकरें व पनीर देतों तरी आम्हांस कांहीं नाहीं आणि कुत्र्यास मात्र तुमच्या ताटांतला घांस, अशी मेंढ्यांची तक्रार. कुत्र्याचें उत्तर असें कीं, मी राखणीस नसेन तर चोर व लांडगे ह्यांच्या भयानें तुम्हांस चरतांहि येणार नाहीं.

येथें गोष्ट स्नेह राखण्याच्या कामीं आली. पण तिचा उपयोग नेहमीं असाच होत असे, असें नाहीं. ॲरिस्टॉटल आपल्या वक्तृत्वशास्त्रांत उदाहरणांच्या प्रकरणीं इसापाचेंच सामोस येथील एक भाषण देतो. तेथें एका लोकनायकावर प्राणदंडाचा खटला चालला होता. इसाप त्याच्या बाजूनें उभा राहिला व बोलला तें असें: कोल्हा घळींत अडकला, अंगास गोचिड्या लागल्या. साळूनें त्या काढूं का विचारिलें, तर कोल्हा नको म्हणाला. ह्या रक्त पिऊन तृप्त झाल्या आहेत, ह्या गेल्या तर भुकेल्या दुसऱ्या येतील. तसाच हा मनुष्य आतां धनवान झाला आहे; ह्यास माराल तर दरिद्री येऊन उरलेला खजिना लुटतील! आमच्या मतें ह्या युक्तिवादांत चातुर्य आहे, धर्म नाहीं. वक्त्याचें शील हें जवळजवळ सर्वांत प्रबळ प्रमाण, असें सांगणाऱ्या ॲरिस्टॉटलानेंच हें उदाहरण द्यावें, ही मौज. इतिहासप्रेमी वाचकांस त्याचें आणखी एक मत रुचेल: गोष्ट रचणें सोपें असतें, परंतु मसलतींत घडलेल्या वृत्तान्ताचा उपयोग अधिक, कारण पुढें होणारें बहुधा मागच्यासारखेंच असतें.

तेव्हां गोष्टीचा अर्थ ती कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगीं सांगितली ह्यावर ठरे. शालेय पुस्तकांत प्रसंग गळाला आणि त्याच्या जागीं ‘तात्पर्य’ बसलें. आपल्या महानुभावांनीं ह्याची काळजी अधिक घेतली होती. केसोबासांच्या ‘दृष्टान्तपाठां’त सूत्र, दृष्टान्त व दार्ष्टान्तिक अशीं तीन अंगें असतात, कथा कोणत्या वचनासाठीं आली व तिचा मेळ कोठें बसवावयाचा हें वाचकावर सोडलेलें नसतें.

इसापनीतीच्या जुन्या प्रती कोणी कशा वाचल्या हें शोधावयाचें तर त्यांचे समास पाहिले पाहिजेत. म्हणून ह्या भागांतील संग्राहकांस विनंति आहे कीं, अशी प्रत हातीं आल्यास मुखपृष्ठ नसलें तरी ती टाकूं नये. तिच्यावरील धन्याचें नांव, शाळेचा शिक्का व विशेषतः ‘तात्पर्या’शेजारीं मोडींत कांहीं लिहिलें असल्यास तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें.