साताऱ्यात शिकायला यायचं, पण राहायचं कुठं?

मागच्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला होता. त्याच्या मुलीला नर्सरीत घालायचे आहे. फीचा आकडा त्याने सांगितला तेव्हा मला आधी वाटले, वर्षभराचा सांगतोय. तो तीन महिन्यांचा होता! मग म्हणाला, "आत्या, तुमचं बरं होतं गं. साताऱ्यात सगळं फुकट मिळालं तुम्हाला. शाळा, कॉलेज, सगळं."

फोनवर मी हसून वेळ मारून नेली. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. बरेचसे फुकट होते हे खरेच. तरीही माझ्याबरोबर चौथी झालेल्या आमच्या गावच्या सहा मुलींपैकी पुढे शिकले ते मी एकटी. बाकीच्या पाच काही ढ नव्हत्या, दोघी तर माझ्यापेक्षा गणितात हुशार होत्या. मग अडले कुठे? आज त्याविषयी थोडे लिहावे म्हणते. आमच्या नातेवाईक मंडळींपैकी नवीन पिढीला यातले बरेचसे माहीत नसावे.

सातारा हे काही मोठे शहर नव्हे. डोक्यावर अजिंक्यतारा आणि पायथ्याला पसरलेल्या पेठा. पण शाळांच्या बाबतीत हे गाव पहिल्यापासून श्रीमंत. राजवाड्यात सरकारी हायस्कूल होते, तेच आजचे प्रतापसिंह हायस्कूल. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८९९ साली इथे न्यू इंग्लिश स्कूल काढले. म्हणजे विसावे शतक उजाडायच्या आतच साताऱ्यात इंग्रजी शिक्षणाची सोय चांगली झालेली होती.

त्याच सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव पहिल्या इयत्तेत दाखल झाले. हा मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण त्या वेळी त्यांच्या घरी काय परिस्थिती होती, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. आई वारलेली. वडील नोकरीसाठी गोरेगावला. साताऱ्याच्या घरी बाबासाहेब, त्यांचे थोरले भाऊ आणि दिवंगत बहिणीची दोन मुले, आणि सांभाळायला एक आत्या. ती मायाळू होती, पण पायाने अधू. त्यामुळे स्वयंपाक या चार मुलांनाच करावा लागे. पोळ्या काही जमत नसत, म्हणून भात आणि मटण एकत्र शिजवून ते खात. शाळेत तर वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसायचे, तेही घरून नेलेल्या गोणपाटावर. हे सगळे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा शिक्षिका होऊन बरीच वर्षे झाली होती. वाचता वाचता मन एका जागी थबकले. शाळेने त्यांना कोपरा दिला. पण त्या कोपऱ्यापर्यंत रोज पोचता आले, कारण गावात राहायला एक घर होते आणि घरात एक आत्या होती, अधू का असेना!

गावोगावच्या हजारो मुलांना ते घर नव्हते. ही गोष्ट ज्यांनी नेमकी ओळखली ते कर्मवीर भाऊराव पाटील. अण्णांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात बस्तान हलवले. आता बघा, शाळा तर साताऱ्यात होत्याच. म्हणून त्यांनी इथे आधी काढले ते बोर्डिंग. सगळ्या जातींची मुले एकत्र राहणार, एकत्र रांधणार, एका पंक्तीत जेवणार. आज हे वाचताना साधे वाटते, पण १९२४ साली स्पृश्य-अस्पृश्य मुलांनी एका चुलीवरचे खाणे म्हणजे केवढी गोष्ट होती! गांधीजी १९२७ साली साताऱ्याला आले तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मुलांच्या पोटासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० साली त्या गेल्या.

बोर्डिंगमागोमाग बाकीचे येत गेले. १९३५ साली प्राथमिक शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज आले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, तिथे 'कमवा आणि शिका' ही योजना. मुले शेतात राबत, विहिरी खणत, खडी फोडत आणि शिकत. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज. खेडोपाडी तर अण्णांनी शेकडो व्हॉलंटरी शाळा काढल्या. एक मास्तर आणि देवळाची ओसरी, एवढ्या भांडवलावर. १९५५ साली बी.एड.साठी आझाद कॉलेज निघाले. म्हणजे वीस वर्षांत एका लहानशा गावात पहिलीतल्या पोरापासून त्याच्या मास्तरपर्यंत सगळे घडवायची सोय झाली.

आमचा दादा (म्हणजे फोन करणाऱ्या भाच्याचे वडील) १९५५ साली बोर्डिंगमध्ये आला. आमचे गाव साताऱ्यापासून आठ मैलांवर. वडिलांनी एका खांद्यावर ज्वारीचे पोते आणि दुसऱ्या हातात दादा, असे त्याला पोचवले. तो सुट्टीला घरी येई तेव्हा भाकरी थापून दाखवी आणि आई तोंडाला पदर लावून हसे.

माझी गोष्ट निराळी. बालवाडी वगैरे आमच्या गावात काही नव्हतेच. बिगरीत बसायला गेले तीही काखेत धाकट्या भावाला घेऊन. गुरुजी काही म्हणत नसत, तो रडला की फक्त बाहेर पाठवत. चौथीपर्यंतची शाळा गावात होती. पुढे काय, हा प्रश्न आला तेव्हा वडील दोन दिवस काही बोलले नाहीत. मुलाला बोर्डिंगमध्ये ठेवणे वेगळे आणि मुलीला ठेवणे वेगळे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आक्काकडं ठेवू."

आक्का म्हणजे माझी आत्या. यादोगोपाळ पेठेत दोन खोल्यांत राहायची. लवकर विधवा झालेली, लोकांचे पापड-कुरडया करून पोट भरायची. तिने मला ठेवून घेतले, सात वर्षे शाळेसाठी आणि पुढे कॉलेजसाठीही. सकाळी पाणी भरायचे, पापड वाळत घालायचे, मग शाळा. फीची चिंता नव्हती. १९५९ साली सरकारने कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी दिली होती. शिक्षणमंत्री होते बाळासाहेब देसाई, आपल्याच पाटणचे. ई.बी.सी.चा फॉर्म भरायचा, तलाठ्याचा दाखला जोडायचा, झाले. तेव्हा एस.एस.सी. अकरावीला असे. ती झाल्यावर शिवाजी कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. केले आणि मग आझाद कॉलेजातून बी.एड. विद्यापीठ मात्र कोल्हापूरला. दादाच्या वेळी पुण्याला होते, १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर आम्ही कोल्हापूरकडे आलो. पदवीदान समारंभाला जायचे तर एस.टी.चे भाडे आणि एक मुक्काम. मी गेले नाही. पदवी टपालाने आली, ती आक्काने देवापुढे ठेवली. तिला वाचता येत नव्हते.

तर सांगायचे हे, की भाचा म्हणतो तसे शिक्षण मला फुकट मिळाले. पण ते ज्याच्या जोरावर घेता आले त्या जागेचे भाडे आक्काने भरले. त्या पाच मैत्रिणींना साताऱ्यात आत्या नव्हती. एवढाच काय तो फरक.

आता जे लिहिते ते घरी कधी बोलले नाही.

पुढे मी साताऱ्यातच एका हायस्कुलात मराठी शिकवू लागले. १९८४-८५ची गोष्ट असेल. नववीत एक मुलगी होती, डोंगरातल्या एका वाडीतून एस.टी.ने यायची. निबंध असे लिहायची की मी ते घरी आणून ह्यांना वाचून दाखवत असे. दहावीचे जादा तास सुरू झाले आणि तिची शेवटची गाडी चुकू लागली. मग ती तास बुडवू लागली. मग शाळाच. मी वर्गात चौकशी केली, कोणी म्हणाले, "बाई, तिचं लग्न ठरलंय." मी हळहळले. शिक्षक-खोलीत चहा पिताना दोघी-तिघींना सांगितलेही, किती हुशार मुलगी हो! आणि पुढच्या तासाला निघून गेले.

आक्का त्याच्या आदल्या वर्षी वारली होती. तिच्या त्या दोन खोल्या आमच्याच ताब्यात होत्या. एकीत आमचे जुने सामान होते. दुसरी रिकामी होती.

माझ्या मनात तेव्हा हे आलेसुद्धा नाही. जी मी स्वतः त्याच खोलीत राहून शिकले, तिच्या मनात आले नाही! ती मुलगी राहिली असती का, तिच्या वडिलांनी ठेवली असती का, हे प्रश्न नंतरचे. मी विचारलेच नाही. अण्णांचे चरित्र मी तेव्हा दर वर्षी वर्गात शिकवत होते.

असो.

आज साताऱ्यात काय नाही? देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ पासून इथेच आहे. इंजिनीयरिंग कॉलेज आहे, सरकारी मेडिकल कॉलेजही आले. २०२१ साली तर विद्यापीठच झाले, कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ. शिवाजी कॉलेज आणि रयतचीच सायन्स व कॉमर्सची कॉलेजे मिळून ते झाले. ज्या पदवीसाठी आधी मुंबई, मग पुणे, मग कोल्हापूर, ती आता पोवई नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर! आक्का असती तर समारंभाला आली असती.

खालची पायरीही आली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे काम केले, त्यातला विचार असा की मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणात न्यावी. अंगणवाडी हा शब्दही ताराबाईंचाच. १९७५ साली २ ऑक्टोबरला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू गावोगाव अंगणवाड्या झाल्या. मला तर वाटते ताराबाईंची अंगणवाडी आणि अण्णांचे बोर्डिंग ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. लहान मुलाकडे शाळेने जायचे आणि मोठे मूल शाळेकडे आले तर त्याच्या भाकरीची आणि अंथरुणाची सोय करायची. मूल राहते कुठे, याचा विचार दोघांनीही आधी केला.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची नात अंगणवाडीत जाते. तिची मोठी बहीण पुण्याला इंजिनीयरिंगला लागली. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारने पूर्ण माफ केली, त्यामुळे तो भार उतरला. पण बाई परवा भांडी घासता घासता म्हणाल्या, "फी न्हाई बाई, पर खोलीचं भाडं नि मेसचं पैसं कुठनं आणू?" सरकारी वसतिगृहात तिचा नंबर लागला नव्हता.

मी तसेच भाच्याला फोन लावला. म्हटले, तुझी पोरगी नर्सरीत जाईल तेव्हा जाईल. तुझ्या फ्लॅटमध्ये एक खोली पाहुण्यांसाठी ठेवलीय ना, ती कॉलेजपासून किती लांब पडते?

तो जरा गप्प झाला. म्हणाला, "बायकोला विचारून सांगतो."

दोन दिवसांनी फोन आला. तिला दोघे मिळून भेटायला येणार आहेत. काय ठरते ते कळवीनच. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी 'आक्का' होऊन गेली असेल, तर तिच्याविषयी जरूर लिहा. अशा बायकांची नावे कुठल्याच शाळेच्या इतिहासात सापडत नाहीत.